शर्यतीत उतरायचं की नाही? एमबीएच्या वर्गातला एक प्रश्न आणि ‘चॅलेंजर’चा अपघात

मोटार शर्यतीत भाग घेणारी एक टीम आहे. आतापर्यंतच्या २४ शर्यतींपैकी ७ वेळा तिच्या गाडीचं गॅस्केट गेलं. आजची शर्यत देशभर टीव्हीवर दिसणार आहे. चांगली कामगिरी झाली तर मोठा प्रायोजक मिळेल, इंजिन बसलं तर सगळ्यांदेखत नाचक्की. आज हवा कधी नव्हे इतकी थंड आहे आणि टीममधल्या मेकॅनिकला संशय आहे की गॅस्केट थंडीमुळेच जातं. पण बिघाड झालेल्या ७ शर्यतींचं तापमान पाहिलं, तर काही बिघाड गार हवेत झालेत, काही उबदार हवेत. मग उतरायचं की नाही?

‘कार्टर रेसिंग’ नावाचा हा स्वाध्याय जॅक ब्रिटन आणि सिम सिटकिन या अमेरिकी प्राध्यापकांनी तयार केला. बिझनेस स्कूलमध्ये तो अनेक वर्षं शिकवला जातोय. (तुमचा हा तास अजून व्हायचा असेल, तर पुढचं नंतर वाचलेलं बरं.) विद्यार्थी नफा-तोटा मांडतात, शक्यता काढतात, आणि बऱ्याचदा वर्गाचा कौल उतरण्याच्या बाजूने पडतो.

त्यानंतर शिक्षक सांगतात, हे आकडे मोटारीचे नाहीतच. ते ‘चॅलेंजर’च्या आधी झालेल्या अंतराळयानांच्या २४ उड्डाणांचे आहेत.

उरलेल्या १७ उड्डाणांचं काय?

२८ जानेवारी १९८६ ला ‘चॅलेंजर’ उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळलं. ७ जण गेले. बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, थंडीने ताठरली आणि गरम वायू बाहेर आला. आदल्या रात्री रॉकेट बनवणारी मॉर्टन थायोकॉल कंपनी आणि नासा यांच्यात फोनवर याच धोक्याची चर्चा झाली होती. पण तिथेही चर्चा फिरली ती ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती त्यांच्याभोवतीच. तेवढीच उड्डाणं पाहिली, तर थंडीशी संबंध दिसत नाही.

चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने सगळी उड्डाणं एकत्र मांडली, तेव्हा चित्र पालटलं. सांध्याचं तापमान ६६ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १९ सेल्सिअस किंवा जास्त असताना २० उड्डाणं झाली होती. त्यांतल्या फक्त ३ मध्ये त्रास दिसला. ६३ अंश किंवा त्याखाली ४ उड्डाणं झाली, आणि चारही वेळा त्रास झाला. म्हणजे उत्तर बिघाड न झालेल्या १७ उड्डाणांत दडलं होतं. वर्गातही नेमकं हेच होतं. हाती दिलेल्या कागदावरच चर्चा रंगते, ‘बाकीच्या १७ शर्यतींचं तापमान द्या’ असं फार थोडे विचारतात.

आकडे नसलेला पुरावा

या गोष्टीचा दुसरा भाग कमी सांगितला जातो, पण तो जास्त महत्त्वाचा आहे. थायोकॉलचे अभियंता रॉजर बॉइसजोली यांनी परत आलेल्या बूस्टरचे सांधे स्वतः तपासले होते. ५३ अंशांच्या उड्डाणानंतर त्यांना दोन कड्यांमध्ये काळीकुट्ट काजळी दिसली. ७५ अंशांच्या एका उड्डाणातही वायू निसटला होता, पण तिथली काजळी थोडी आणि करड्या रंगाची होती. जाणत्या डोळ्याला एवढा फरक पुरेसा होता. वरिष्ठांना मात्र तो आकड्यात हवा होता, आणि बॉइसजोलींकडे आकडा नव्हता. शेवटी कंपनीच्या एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगितलं, आणि उड्डाणाला होकार गेला.

मग शिकवायचं काय?

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या डेनिस रूसो यांनी २००५ मध्ये अकॅडमी ऑफ मॅनेजमेंटच्या अध्यक्षा म्हणून हा मुद्दा पुढे आणला. वैद्यकशास्त्राने पुराव्यावर आधारित उपचारांची पद्धत रुजवली, मग व्यवस्थापनाने का नाही? या विचारात पुरावा चार ठिकाणांहून येतो: प्रकाशित संशोधन, संस्थेची स्वतःची आकडेवारी, काम करणाऱ्यांचा अनुभव आणि ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार त्यांचं म्हणणं. यातला कुठलाच आपोआप श्रेष्ठ नाही. प्रत्येकाचा कस लावावा लागतो.

आपल्याकडचं ताजं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं विधान गाजलं. सोशल मीडियावर एका बाजूने यशस्वी लोकांचे दाखले आले, दुसऱ्या बाजूने थकून गेलेल्यांचे. संशोधन फारसं कुणी काढलं नाही. स्टॅनफर्डच्या जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी अभ्यासल्या होत्या. साधारण ४९ तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात उत्पादन वाढत होतं, पुढे वाढीचा वेग मंदावत गेला. ७० तासांचं उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसं वेगळं नव्हतं.

म्हणून वाद मिटला का? नाही. तोफगोळे बनवणाऱ्या बायकांचे आकडे पुण्यातल्या आयटी कंपनीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथे कंपनीने आपल्याच नोंदी काढायला हव्यात: उशिरापर्यंत थांबून लिहिलेल्या कोडमध्ये चुका किती निघाल्या, दुरुस्तीत किती तास गेले. टीम लीडना विचारायला हवं, घरी लहान मूल असलेल्यांनाही. आणि कर्मचाऱ्यांचं सर्वेक्षण केलं, तर ते टिकून राहिलेल्यांचंच होतं. नोकरी सोडून गेलेले त्या तक्त्यात नसतात, जशी ती १७ उड्डाणं नव्हती.

असा तास घ्यायचा तर विद्यार्थ्यांना शोधनिबंध वाचायला मिळायला हवेत. केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून जानेवारी २०२५ पासून सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली, पण सुरुवात सरकारी संस्थांपासून झाली. महाराष्ट्रातली बहुतेक एमबीए कॉलेजं खासगी आहेत.