विसार देण्याआधी घासाघीस करा

नवे घर घेताना आपण चौरस फुटाच्या दरावर तासभर घासाघीस करतो. पण बिल्डर विसाराचा जो आकडा सांगेल त्याचा चेक मुकाट्याने देऊन टाकतो. हा उलटा व्यवहार झाला. दर थोडा जास्त लागला तर हप्ता वाढतो. विसार अडकला तर दुसरे घर पाहण्याची सोयच उरत नाही.

कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा कायद्यात करारापूर्वी २० टक्क्यांपर्यंत रक्कम घेण्याची मुभा होती. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १३ ने ती १० टक्क्यांवर आणली. त्याहून अधिक घ्यायचे तर आधी करार करून त्याची नोंदणी करावी लागते. म्हणजे ५० लाखांच्या फ्लॅटला करारापूर्वी फार तर ५ लाख. ही कमाल मर्यादा आहे, ठरलेला दर नव्हे. एक लाखावर बोलणी सुरू करायला कोणाची मनाई आहे?

बँकेने कर्ज नाकारले तर विसार किती दिवसांत, किती कापून परत मिळेल, तेही लिहून घ्या. महारेराच्या २०२२ च्या नमुना वाटपपत्रात १५ दिवसांच्या आत बुकिंग रद्द केल्यास कपात नाही. तोच नमुना मागा. रोखीने काही देऊ नका. पावती नसलेला पैसा उद्या सिद्ध करता येत नाही.

बिल्डर म्हणेल, "गिऱ्हाइके रांगेत उभी आहेत." असू द्यात. पैसा आपल्या हातात आहे तोवरच आपल्या शब्दाला वजन असते.