परत आल्यावर काय?

परवा रविवारी आमच्या घरात भांडण झालं. घरात म्हणजे मी सांगलीत आणि मुलगा म्युनिकला. व्हिडिओ कॉलवरचं भांडण हे एक विचित्रच प्रकरण असतं. आवाज चढला की नेमका समोरच्याचा चेहरा गोठतो आणि आपण त्या गोठलेल्या चेहऱ्याशी भांडत बसतो. त्यामुळे माझं निम्मं बोलणं राहूनच गेलं. ते इथे लिहिते. मुलगा वाचेलच, सूनबाई त्याच्या आधी वाचेल. भाचे-पुतणे मंडळींनीही वाचावं, कारण तुमच्यातली दोघं-तिघं सध्या बाहेर जायच्या खटपटीत आहेत आणि हाच प्रश्न उद्या तुमच्यापुढे येणार आहे.

प्रश्न नातवाच्या शाळेचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ही मंडळी तिकडे गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. कंपनीने सांगितलं, इंटरनॅशनल स्कूलची फी दोन वर्षं आम्ही भरू. फी वर्षाला वीस हजार युरोच्या आसपास, म्हणजे आपले वीस लाख. फुकट मिळतंय म्हटल्यावर कोण सोडतो! घातलं पोराला इंग्रजी शाळेत. आता ती दोन वर्षं संपली की कंपनी हात काढून घेणार, आणि चिरंजीव म्हणतात, मी पदरचे भरीन पण शाळा बदलायची नाही. का, तर "आई, उद्या परत आलो तर काय?"

हे "उद्या काय" मी आयुष्यभर ऐकत आले आहे. मराठी शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. दरवर्षी जूनमध्ये कुणीतरी पालक दाखला काढायला यायचे. "बाई, शाळेबद्दल तक्रार नाही हो, पण उद्या पोराला पुण्या-मुंबईला जायचं झालं तर?" पोरगं पाचवीत, राहायला सांगलीत, खेळायला गल्लीत, आणि शाळा मात्र अशा गावासाठी निवडायची जिथे ते कदाचित पंधरा वर्षांनी जाईल. तेव्हाही मला हे पटलं नाही आणि आताही पटत नाही. मूल आज जिथे राहतं तिथल्या शाळेत त्याने जावं. सांगलीत राहतं तर मराठी, म्युनिकमध्ये राहतं तर जर्मन. सांगलीतून निघालेला रोग विमानात बसून म्युनिकला पोचला, एवढंच झालंय.

२०२५ च्या उन्हाळ्यात मी तीन महिने तिकडे राहून आले. चार मजली इमारती, मधे मोठं अंगण, वाळू, घसरगुंडी, झोपाळे. सकाळी साडेसातच्या सुमाराला आजूबाजूची मुलं पाठीवर चौकोनी दप्तरं घेऊन चालत शाळेला निघायची. सहा-सात वर्षांची चिमुरडी, चमकणारी पिवळी जाकिटं घालून, बरोबर मोठं माणूस नाही. आमचा नातू बसने चाळीस मिनिटं जायचा आणि तेवढाच वेळ परत. त्याच्या वर्गातला एक मित्र शहराच्या त्या टोकाला, दुसरा कुठल्या तरी उपनगरात. भेटायचं तर आई-बापांनी आधी फोनवर वेळ ठरवायची, डॉक्टरची घेतात तशी!

एका संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीत उभे होतो. खाली अंगणात सात-आठ मुलांचा काहीतरी खेळ चालला होता, आरडाओरडा चालला होता. त्याने मला विचारलं, "आजी, ते काय म्हणतायत?"

मला काय कळणार! मी सत्तरी ओलांडलेली बाई, तिकडे जाऊन तीन आठवडे झाले होते. त्याला दहा महिने झाले होते. आणि दोघंही सारखेच बहिरे. मी म्हटलं, जा की खाली, खेळ त्यांच्यात. तो म्हणाला, "मला त्यांचं येत नाही." आणि आत जाऊन टॅब घेऊन बसला. त्या शाळेत आठवड्याला जर्मनचे काही तास असतात म्हणे. असतील. आमच्याकडेही पाचवीपासून इंग्रजीचे तास होते. तासाने भाषा येत नाही, अंगणाने येते.

त्या शाळा वाईट असतात असं मी म्हणत नाही. मी जाऊन पाहिली, सुंदर आहे. पण तिथून आल्यावर मी थोडं वाचलं. जिनिव्हाची इंटरनॅशनल स्कूल १९२४ साली सुरू झाली ती राष्ट्रसंघाच्या आणि कामगार संघटनेच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी. आयबी म्हणतात ती परीक्षाही जिनिव्हातच १९६८ साली जन्माला आली. आज जिनिव्हा, तीन वर्षांनी नैरोबी, मग बँकॉक अशा बदल्या होणाऱ्या लोकांची ती सोय होती, आणि चांगली सोय होती. माझा मुलगा काही राजदूत नाही. गाड्यांचं सॉफ्टवेअर करतो, आणि गेल्या दिवाळीपासून तिथे घर विकत घ्यायच्या गोष्टी करतोय. एकीकडे कर्जाचे हप्ते किती पडतील ते बघायचं आणि दुसरीकडे "परत आलो तर" म्हणायचं, यातलं खरं कोणतं?

आता तिथली खरी अडचण सांगते, कारण ती इथल्या कुणाला ठाऊक नसते. जर्मनीत शाळेचा कारभार प्रत्येक राज्याचा वेगळा. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. चौथीच्या मे महिन्यात एक प्रगतिपुस्तक मिळतं आणि त्यावर पुढची वाट ठरते. तिकडे १ हा सर्वांत चांगला शेरा आणि ६ सर्वांत वाईट, आपल्या उलट. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझिउम, म्हणजे सरळ विद्यापीठाकडे जाणारी शाळा. २.६६ पर्यंत रेआलशुले. नाहीतर मिटेलशुले. दहा वर्षांच्या मुलाचं हे असं वर्गीकरण मला अजिबात आवडलेलं नाही. तिकडेही यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. पुढे वाटा बदलता येतात हेही खरं, पण वळसा पडतो.

तर हिशेब करा. नातू आता दुसरीत. २०२६ च्या सप्टेंबरात तिसरी. २०२८ च्या मेमध्ये ते प्रगतिपुस्तक. आता जर्मन शाळेत गेला तर हातात पुरती दोन वर्षंही नाहीत. आणि गेलाच नाही, आणि आणखी तीन वर्षांनी वीस लाख परवडेनासे झाले, किंवा नोकरीच गेली (गाड्यांच्या धंद्याचं तिकडे काय चाललंय ते तुम्ही वाचताच), तर मग? माझा एक जुना विद्यार्थी त्याच शहरात आहे. त्याच्या मुलीचं हेच झालं. कंपनीने फी बंद केली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. इंग्रजी फर्डं, गणितात हुशार, आणि जर्मनमध्ये "माझं नाव अमुक" यापलीकडे काही नाही. बसवली मिटेलशुलेत. वर्षभर पोर घरी येऊन रडत होती. ज्या "उद्या"साठी एवढा खर्च केला तो उद्या आलाच नाही, भलताच आला.

परत येण्याची भीती घालणाऱ्यांना मी एक विचारते. परत येऊन मुलाला शाळा मिळत नाही असं कुणाचं झालंय? सातवी-आठवीपर्यंत बाहेरून आलेली मुलं मी स्वतः वर्गात बसवली आहेत. वर्षभर चाचपडतात, मग लागतात मार्गी. दहावी-बारावी तिकडे झाली तर समकक्षता घ्यावी लागते. कागदपत्रांची कटकट आहे, पण रस्ता आहे. आणि गंमत अशी की २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांना पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली. म्हणजे "परत आलो तर" याची खरीच काळजी असेल तर पोराला इंग्रजीपेक्षा मराठीची शिकवणी लावायला हवी!

यावर मुलगा जे बोलला ते मला लागलं, आणि ते लपवणार नाही. तो म्हणाला, "आई, तुझा प्रयोग माझ्यावर झाला. माझ्या मुलावर नको."

मी त्याला माझ्याच शाळेत घातलं होतं. दहावीला चांगले गुण पडले. १९९९ साली अकरावी सायन्सला गेला आणि पहिले सहा महिने वर्गात नुसता बसून होता. वेग, त्वरण, बल हे सगळं त्याला येत होतं, आणि फळ्यावर काय चाललंय ते कळत नव्हतं. रात्री शब्दकोश घेऊन बसायचा. मला एका शब्दाने बोलला नाही तेव्हा. पंचवीस वर्षांनी बोलला. मला ठाऊक होतं, मी पाहत होते, आणि मी स्वतःला सांगत होते की होईल सवय. झालीही. पण ते सहा महिने त्याचे होते, माझे नव्हते.

त्याचं दुःख खरं आहे. त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष खोटा आहे. आमचं चुकलं ते मराठीतून शिकवलं हे नव्हे. आम्ही इंग्रजी वाईट शिकवलं हे चुकलं. पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, त्याच्या वेळी पाचवीत एबीसीडी आणि शिकवणाऱ्यालाच बोलता येत नव्हतं. त्यात मीही आले. आणि जरा नीट पाहिलं तर तो मुलावर आणतोय ते तेच नाही का? जिथे पुढे शिकायचं तिथल्या भाषेपासून पोराला दूर ठेवायचं, आणि एक दिवस अचानक खोल पाण्यात ढकलायचं. माझ्या मुलाला मी सोळाव्या वर्षी ढकललं. तो त्याच्या मुलाला कितव्या वर्षी ढकलणार आहे?

सात वर्षांच्या मुलाला परकी भाषा झेपेल का, हे मला विचारू नका, मी ते पाहिलं आहे. आमच्या शाळेत जतकडून आलेली कन्नड बोलणारी मुलं असायची. एक मुलगा पाचवीत आला तो दिवाळीपर्यंत तोंडातून अक्षर काढेना. सहशिक्षक म्हणाले, हा मठ्ठ आहे. मठ्ठ कसला, ऐकत होता! नाताळच्या सुट्टीनंतर बोलायला लागला आणि सातवीत वक्तृत्वात दुसरा आला. घरी आईशी कन्नडच बोलायचा. मूल गप्प बसतं तेव्हा ते शिकत असतं. घाबरतात ती मोठी माणसं.

तर मुद्दा हाच आहे. भीती नातवाला नाही, त्याच्या आई-बापांना आहे. सूनबाईने मला एकदा खरं सांगितलं, "आई, जर्मन शाळेतून चिठ्ठी येणार ती मला वाचता येणार नाही. पालकसभेत मी नुसती हसत बसणार." मला तिचं वाईट वाटलं. इकडे ती स्वतः शिक्षिकांशी ताठ मानेने बोलणारी मुलगी. शिवाय जर्मन शाळा बऱ्याच ठिकाणी दुपारीच सुटते, पुढची सोय शोधावी लागते, हीही तिचीच डोकेदुखी होणार. हे सगळं मान्य. पण मग "मुलाच्या भल्यासाठी" म्हणू नका. "आमच्या सोयीसाठी" म्हणा, मी एक शब्द बोलणार नाही.

आणि कळस असा की ती दोघं आठवड्यातून दोन संध्याकाळी जर्मनच्या क्लासला जातात! ब्लू कार्डवाल्याला बी-१ एवढी जर्मन आली की २१ महिन्यांत कायम राहण्याचा परवाना मिळू शकतो, कमी येत असेल तर २७ महिने. चाळिशीतली माणसं रात्री नऊला दमूनभागून डेर-डी-डास घोकतात, आणि ज्याला ते अंगणात फुकट मिळालं असतं त्याला वीस लाख भरून त्यापासून लांब ठेवतात.

सगळ्यांना एकच औषध नाही, हे शिक्षिका म्हणून सांगायला हवं. मूल तेरा-चौदा वर्षांचं असेल तर मी हे म्हणणार नाही. त्या वयात विषयही अवघड आणि मनही हळवं, तिथे इंग्रजी शाळाच बरी, नाहीतर दहावी इथे संपवून मग जा. माझा भाचा दुबईला चाललाय, त्यालाही हे लागू नाही. तिकडे आपले लोक कामापुरते राहतात, सीबीएसईच्या शाळा भरपूर आहेत, त्याने खुशाल तिथे घालावं. बदली खरोखरच दोन वर्षांची असेल, तारीख कागदावर असेल, तरीही. पण तारीख कागदावर असू दे, मनात नको.

राहता राहिलं मराठी. मला वाटलं होतं इंग्रजी शाळेत घातलाय तर निदान घरात मराठी राहील. तिथे जाऊन पाहते तर "शूज काढ, हँड्स वॉश कर, मग डिनर"! शाळेचं इंग्रजी कच्चं राहू नये म्हणून घरात इंग्रजी. जर्मन शाळेत गेला तर इंग्रजी काही बुडत नाही, तिकडे तिसरीपासून शिकवतात, आणि आई-बापांना घरात मराठी बोलायला दुसरं निमित्त लागणार नाही. त्या कन्नड पोराची आई निरक्षर होती. तिने घरातली भाषा सोडली नाही, कारण तिला दुसरी येतच नव्हती. आमच्या सुशिक्षितांना दोन येतात, म्हणून एक सोडतात.

असो. खूप झालं. त्यांच्या घरापासून सात मिनिटांवर तिथली प्राथमिक शाळा आहे. मी तिकडे असताना रोज फिरायला त्याच बाजूने जायचे, कुंपणाशी थांबून मधल्या सुट्टीचा गोंगाट ऐकायचे. भाषा कळत नव्हती, पण गोंगाट अगदी आमच्या शाळेसारखा. परवा फोन ठेवायच्या आधी मी मुलाला एवढंच म्हटलं, निदान एकदा नातवाला घेऊन त्या शाळेत जाऊन ये, हेडबाईंना भेट, मग नाही म्हण. "बघू," म्हणाला. आमच्या घरात "बघू" म्हणजे बहुतेक नाहीच असतं, हे मला माहीत आहे. पण मागून सूनबाईचा आवाज आला, "मी सुट्टी टाकते."