विश्लेषण : कॅराव्हॅन गोराईला पोहोचेल, पण सांडपाणी कुठे जाणार?

बोरिवलीहून बोटीने खाडी ओलांडली की गोराई. बोटीत माणसे आणि दुचाकी मावतात; कॅराव्हॅनला मात्र भाईंदर-उत्तनमार्गे वळसा घालावा लागतो. गोराई, मनोरी आणि उत्तन ही धारावी बेटावरची गावे (शहरातील धारावी वेगळी). तिथे मुक्कामाला जाताना कोणती काळजी घ्यावी?

धोरण काय?
राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. वाहनतळासोबत पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले कॅराव्हॅन पार्क त्यात अपेक्षित आहेत.

अडचण कुठे?
कॅराव्हॅनमध्ये अंघोळ-भांड्यांचे सांडपाणी एका टाकीत साठते, शौचालयाचा मैला दुसऱ्या टाकीत. पार्क नसेल तर या टाक्या रिकाम्या कुठे करणार, हाच खरा प्रश्न. वाळूत सोडलेले पाणी जवळच्या विहिरीपर्यंत मुरू शकते.

किनारा मोकळा दिसला तरी तो कोळी बांधवांच्या कामाची जागा आहे. होड्या तिथेच ओढल्या जातात, मासळी तिथेच वाळते. कांदळवनांबाबत तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली आहे.

मग जायचे कसे?
मालकाची परवानगी असलेल्या आवारातच गाडी किंवा तंबू लावावा. टाकी कुठे रिकामी करणार, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. कचरा सोबत परत आणावा. जेवण आणि मासळी गावातूनच घ्यावी. टाकीची सोय होत नसेल, तर गाडी घरी ठेवून बोटीने जावे आणि गावातल्या खोलीत राहावे.