'फिटर'च व्हायचंय त्याला? होऊ दे की!

गेल्या शनिवारी जित्याला गेलो होतो. पेणच्या अलीकडचं आमचं गाव. अंगणात टेकतो न टेकतो तोच काका म्हणाले, "अरे, तू तरी सांग याला. आयटीआय करून फिटर-मशिनिस्ट होतो म्हणतोय. त्यापेक्षा तुझ्यासारखं कॉम्प्युटरचं काहीतरी कर म्हणावं."

मी सांगितलं. पण काकांना हवं होतं ते नाही.

मंडळी, रॉकेट उडालं की टीव्हीवाले 'इंधन, इंधन' करतात. आपली गाडी फुकटची हवा ओढते म्हणून पेट्रोल जळतं. वर अंतराळात हवा कुठून आणणार? म्हणून रॉकेट ऑक्सिडायझर सोबत नेतं. इस्रोच्या 'विकास' इंजिनात तो असतो नायट्रोजन टेट्रॉक्साइड, आणि वजनात तो इंधनापेक्षा जास्त भरतो! पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात हे एकच इंजिन दोन्ही मिळून चाळीसेक टन द्रव साधारण अडीच मिनिटांत संपवतं.

आता हा द्रव आत ढकलायचा कसा? ज्वलनकक्षात दाब वातावरणाच्या पन्नासपटीहून जास्त. टाकीतच तेवढा दाब ठेवायचा तर टाकी इतकी जाड होईल की रॉकेट जमिनीवरच बसेल. म्हणून टाकी पातळ ठेवायची आणि मध्ये टर्बोपंप बसवायचा. थोडं इंधन नि ऑक्सिडायझर वेगळं जाळून गरम वायू करायचा, त्यावर टर्बाइन फिरवायचं. त्याच दांड्यावर दोन्ही पंप, मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे. आणि हे दोन द्रव एकमेकांना नुसते भेटले तरी पेटतात, ठिणगी लागत नाही. म्हणजे मधलं सील गळलं की खेळ खलास.

तो दांडा, ते सील कोण घडवतं? कोड नव्हे. मायक्रॉन मोजणारा माणूस. विकास इंजिनं आपल्या विक्रोळीत, गोदरेजमध्ये बनतात. 2023 साली चांद्रयान-3 नेणाऱ्या रॉकेटच्या मधल्या टप्प्यात अशी दोन इंजिनं होती. आपण ऑफिसात टाळ्या वाजवल्या. लेथवरच्या माणसाची आठवण किती जणांना झाली?

उलट उदाहरणही घ्या. 15 एप्रिल 2010 ला जीएसएलव्ही-डी3 कोसळलं. क्रायोजेनिक इंजिनाला हायड्रोजन पुरवणारा बूस्टर पंप थांबला, बस्स. (तो ऑक्सिजनचा नव्हता, पण मुद्दा तोच.) आपलं स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन यशस्वी व्हायला 5 जानेवारी 2014 उजाडला. एका पंपापायी पावणेचार वर्षं!

माझ्या कोडात बग निघाला तर सोमवारी पॅच टाकतो. उडालेल्या पंपाला पॅच नसतो. तरी लग्नाच्या बाजारात भाव मला, आणि 'फिटर' म्हटलं की नाकं मुरडायची. हा उफराटा न्याय आपणच चालवलाय, आणि वर 'मेक इन इंडिया'च्या गप्पाही आपणच मारतो.

काका अजून रुसलेत. पोरगं मात्र फॉर्म भरणार आहे. बघा, तुम्हाला तरी पटतंय का.