कधीं चालते, कधीं चालत नाहीं

जेथें धूर तेथें अग्नि, हें खरें. परंतु जेथें अग्नि तेथें धूर, हें खरें नव्हे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धूर निघावयास अग्नीला ओल्या सर्पणाची संगत लागते. ह्या ओल्या सर्पणास नैयायिक ‘उपाधि’ म्हणतात. हें उदाहरण आम्हीं विद्यार्थिदशेंत पाठ केलें व पुढें अनेकांस समजावून दिलें. परंतु तें आम्हांस खरोखर उमगलें तें गेल्या पावसाळ्यांत, पालघरच्या आमच्या अंगणांत उभ्या असलेल्या मोटारीमुळें.

आमच्या धाकट्या सूनबाई बोईसर येथें एका प्रसूतिगृहांत परिचारिका आहेत. पहांटेची पाळी असली म्हणजे त्यांस पांच वाजतां घर सोडावें लागतें. म्हणून घरची मोटार पहांटे त्यांजकडे आणि सायंकाळीं व सुटीच्या दिवशीं चिरंजीवांकडे, अशी वांटणी ठरली होती. आषाढ लागला आणि मोटारीनें एक विचित्र हट्ट धरला. किल्ली फिरवावी तों कधीं एंजिन तत्काळ सुरू व्हावें, तर कधीं ‘टक्’ असा एकच आवाज होऊन सारें शांत! मग पांच-सहा वेळां किल्ली फिरवावी. तरीही सेल्फ घेईना म्हणजे शेजाऱ्यांस उठवून धक्का मारावयास सांगावें.

हा प्रकार बहुधा सूनबाईंच्याच हातीं होई. साहजिकच घरांत निवाडा झाला कीं, त्यांचा गाडीवर हात बसलेला नाहीं. रात्रीं आंतला दिवा तसाच राहात असेल. सांगावयास लाज वाटते, परंतु आम्हींही एके रात्रीं जेवतांना म्हणालों, “पहांटेची पाळी झेपत नसेल तर नोकरीचा विचार करावा.” त्या आठवड्यांत एकदां त्यांस चाळीस मिनिटें उशीर झाला होता, आणि रात्रपाळीच्या बाईंस तितका वेळ अडकून राहावें लागलें होतें. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. पान उचलून आंत गेल्या.

गाडी दोन वेळां मिस्त्रींकडे नेली. दोन्ही वेळां दुपारीं; आणि दोन्ही वेळां ती एका किल्लीसरशी सुरू झाली. जो रोग वैद्यासमोर लपतो, त्याची नाडी वैद्यानें कशी पाहावी? अखेर अंदाजानें नवी बॅटरी घातली. आठ दिवस सुखाचे गेले. नवव्या पहांटे पुन्हां ‘टक्’.

त्या सायंकाळीं सूनबाईंनीं एक वही आमच्यापुढें ठेवली व म्हणाल्या, “मामंजी, आम्ही रुग्णांच्या तापाची नोंद ठेवतों, तशी ही गाडीची ठेवली आहे. आपण एकदां पाहावी.” तारीख, वेळ, गाडी किती तास उभी होती, पाऊस होता कीं नाहीं, आवाज कोणता झाला, दिवे मंद झाले कीं नाहींत आणि किल्ली कोणाच्या हातीं होती, अशीं सदरें पाडलेलीं होतीं. गाडी एकूण १९ वेळां अडली होती. १६ वेळां सूनबाईंच्या हातीं व ३ वेळां थोरल्या चिरंजीवांच्या. तें तीन प्रसंग रविवारीं पहांटे केळव्यास शीतलादेवीच्या दर्शनास निघतांनाचे. तेव्हां आम्हीं सर्वांनीं ‘पावसाळी हवा आहे’ म्हणून सोडून दिलें होतें! उलट सूनबाईंनीं ११ वेळां दुपारीं गाडी काढली होती, आणि ती एकदांही अडली नव्हती.

म्हणजे आमचा हेतु सव्यभिचार ठरला. गाडी अडण्याचें कारण सूनबाई नव्हत्या. रात्रभर ओल्या हवेंत थंड पडलेलें एंजिन, हा खरा उपाधि होता. आणि गाडीस पहिली किल्ली लावण्याचें काम घरानें त्यांच्यावर टाकलें होतें, इतकाच त्यांचा संबंध.

मिस्त्री भले गृहस्थ. वही पाहून पहांटे साडेचारला घरीं येण्यास कबूल झाले. त्यांनीं सांगितलें तें असें. किल्ली फिरवितांच ‘टक्-टक्-टक्’ अशी भराभर टकटक झाली, तर बहुधा बॅटरी दुबळी. एंजिन नीट फिरतें पण पेट घेत नाहीं, तर दोष इंधनाचा किंवा ठिणगीचा. एकच ‘टक्’ होऊन दिवे उजळच राहिले, तर वीज आहे, पण स्टार्टरपर्यंत पुरेशी पोंचत नाहीं. बॅटरीच्या दोन टोकांस मापक लावतां १२.६ व्होल्ट, म्हणजे ती पूर्ण भरलेली. मग एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटीस व दुसरें एंजिनाच्या उघड्या धातूस लावून किल्ली फिरविली. तेथें पाव व्होल्टाहून अधिक दिसूं नये. मापकावर कित्येक व्होल्ट उमटले. त्यांनीं ऋण खुंटीपासून एंजिनापर्यंत एक जाड तार जोडली, आणि गाडी तत्काळ सुरू! बंद करून तार काढली, पुन्हां ‘टक्’. अन्वय व व्यतिरेक ह्यांचें ह्याहून स्वच्छ उदाहरण आम्हीं फळ्यावरही कधीं दाखविलें नसेल.

दोष अर्थिंगच्या पट्टीचा होता. किनाऱ्याच्या खारट हवेनें तिच्या बोल्टाखालीं हिरवट थर धरला होता. स्टार्टरला क्षणभर शेंदीडशें अँपिअर वीज लागते, वाटेंत ०.०२ ओहम इतकाच अडथळा असला, तरी १५० अँपिअरला ३ व्होल्ट तेथेंच खर्ची पडतात. दिव्यांस थोडी वीज पुरते, म्हणून ते उजळच राहतात. थंड एंजिनास फिरवावयास जोर अधिक लागतो, म्हणून खोड पहांटेची. आणि नवी बॅटरी घालतांना ती पट्टी हलली, सांधा तात्पुरता जुळला, म्हणून आठ दिवसांचें सुख. बॅटरीचें श्रेय निव्वळ काकतालीय. मिस्त्रींनीं आधीं बॅटरीची ऋण तार सोडविली, सांधा कानसून लखलखीत केला, घट्ट आवळला व वर व्हॅसलीनचा लेप दिला. अर्ध्या तासाचें काम.

१९१२ मध्यें अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग ह्यांचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीस बसला. त्यापूर्वीं हँडल हातानें फिरवावें लागे, आणि त्याच्या उलट्या झटक्यानें माणसांचीं मनगटें मोडत. तें कष्ट गेले. पण सुखाच्या साधनाचा दोष एका दृष्टीनें अधिक फसवा, कारण तो डोळ्यांस दिसत नाहीं व जवळच्या माणसावर सहज ढकलतां येतो.

त्याच सकाळीं, सर्व मंडळी चहास बसलीं असतां, आम्हीं सूनबाईंस म्हटलें, “चूक आमची झाली. नोकरीविषयीं बोललों तें मागें घेतों.” त्या म्हणाल्या, “मामंजी, मला उशीर होतो आहे,” आणि किल्ली घेऊन निघाल्या. गाडी पहिल्याच किल्लीस सुरू झाली.

वाचकांस इतकेंच सुचवावेंसें वाटतें. घरांत एखादें माणूस वारंवार चुकतें असें दिसूं लागलें, तर तें कोणत्या वेळीं व कोणत्या कामावर उभें केलेलें आहे, हें आधीं पाहावें; आणि निवाडा देण्यापूर्वीं एक वही घालावी.