इमारत निधी कुठे अडला? विश्वस्त मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,
विद्यार्थिनी वसतिगृह संस्था.



इमारत निधीबद्दल मी दिलेल्या पत्रांच्या पोचपावत्या, कार्यालयाच्या शिक्क्यासह, माझ्याकडे आहेत. उत्तर एकाचेही नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहावे लागत आहे. संस्थेचे नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. प्रवेशाचे दिवस आहेत, आणि तुमच्या कारभारामुळे एखाद्या बापाने मुलीला इथे ठेवायला नको म्हणावे, हे मला नको आहे.

वसतिगृहाच्या नव्या मजल्यासाठी इमारत निधी काढला, ही पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक आहे. सरळ हिशेबाकडे येते.

इमारत निधीच्या आवाहनाला ४१२ जणांनी प्रतिसाद दिला. जमले ३८ लाख ६० हजार. त्यांतल्या निम्म्याहून अधिक देणग्या पाच हजारांच्या आतल्या आहेत. म्हणजे शिक्षिका, अंगणवाडी सेविका, एसटीतले वाहक, आणि याच वसतिगृहात राहून नोकरीला लागलेल्या मुली. त्यानंतरच्या तीन अहवालांत ताळेबंदाच्या डाव्या बाजूला इमारत निधी ३८,६०,००० हाच आकडा आहे. तीन वर्षे एक रुपया वाढला नाही, एक रुपया खर्च झाला नाही. पैसा मुदत ठेवीत असल्याचे उजव्या बाजूला दिसते. मग त्या ठेवीचे व्याज कुठे गेले? उत्पन्न-खर्च पत्रकात ‘इतर जमा’ या शीर्षाखाली ते मिळवलेले दिसते, आणि त्याच काळात कार्यालयाचे नूतनीकरण झालेले दिसते. इमारतीसाठी दिलेल्या पैशाचे व्याज इमारतीचेच नाही का? व्याज असे वळवण्याचा ठराव कोणत्या सभेत झाला? सूचक कोण, अनुमोदक कोण?

तिकडे ६० मुलींसाठी बांधलेल्या इमारतीत ९६ मुली राहतात. नव्या मजल्याचे खांब उभे आहेत आणि त्यांच्या सळ्या गंजत आहेत.

हे का घडले याचे उत्तर तुमच्याच अहवालाच्या शेवटच्या पानावर, उपस्थितीच्या तक्त्यात आहे. विश्वस्त ११. गेल्या वर्षी सभा ८. सगळे आले असते तर ८८ हजेऱ्या लागल्या असत्या, लागल्या ३७. गणसंख्या सहाची. आठांपैकी पाच सभा गणसंख्येअभावी तहकूब झाल्या आणि अर्ध्या तासाने त्याच जागी हजर असलेल्या तिघा-चौघांनी पुऱ्या केल्या. संस्थेच्या घटनेत तशी तरतूद आहे, मान्य. पण ती अडीअडचणीसाठी आहे. वर्षातल्या आठ सभांपैकी पाच अशा होत असतील तर ही संस्था अकरा जण चालवत नाहीत, चौघे चालवतात आणि सात जणांची नावे पत्रशीर्षावर छापली जातात. नव्या मजल्याच्या कंत्राटदाराला दिलेली मुदतवाढ अशाच एका तहकूब सभेत मंजूर झाली. न आलेल्या सात जणांपैकी कोणी पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना हरकत घेतली? एकानेही नाही. इतिवृत्त वाचले तरी होते का?

आणखी एक आकडा देते, कारण तो मला सर्वांत जास्त लागला. ४१२ देणगीदारांच्या यादीत विश्वस्तांची नावे किती? चार. ज्यांनी आवाहनपत्रावर सह्या केल्या, त्यांतल्या सात जणांनी त्या निधीला शंभर रुपयेसुद्धा दिलेले नाहीत. प्रत्येकाने लाख द्यावेत असे मी म्हणत नाही. ज्याची ऐपत पाचशेची त्याने पाचशे द्यावेत. पण आपण न देता दुसऱ्यापुढे हात पसरणाऱ्याच्या शब्दाला वजन कुठून येणार?

आणि त्या ४१२ जणांपैकी दुसऱ्यांदा देणारे किती? २९.

गेल्या सर्वसाधारण सभेत उपाध्यक्ष म्हणाले की लोकांची देण्याची वृत्ती राहिली नाही. हे विधान त्यांनी मागे घ्यावे. ३८३ माणसे पुन्हा आली नाहीत, कारण तुमच्यापैकी कोणी त्यांच्याकडे परत गेलेच नाही. पैसे घेतल्यावर त्यांना काय मिळाले? एक पावती. पुष्कळांना १०-बीई हे देणगीचे प्रमाणपत्रही वेळेवर मिळाले नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणग्यांचे विवरण, म्हणजे फॉर्म १०-बीडी, ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरावे लागते आणि त्यावरून देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावे लागते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क पडते. विवरण भरलेच नाही तर दंड १० हजारांपासून १ लाखापर्यंत जातो. हे पैसेही देणगीतूनच जाणार.

शिवाय आयकरातल्या ८०-जीच्या सवलतीवर आता विसंबता येणार नाही. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली झाली आहे आणि तिच्यात व्यक्तींना ८०-जीची वजावट मिळत नाही. तरीही तुमचे आवाहनपत्र अजून ‘देणगी करसवलतीस पात्र’ या ओळीने सुरू होते. पगारदार माणूस हळूहळू नव्या प्रणालीकडे जातो आहे. तो उद्या देईल ते केवळ विश्वासावर देईल. त्या विश्वासासाठी तुम्ही काय केले आहे?

कंपन्यांच्या बाबतीत मात्र हीच संस्था किती तत्पर असते, हे मी पाहिले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. त्यातून एका कंपनीकडून आपल्याला सौर पाणीतापक मिळाले. त्या कंपनीला दर तिमाहीला अहवाल गेला, छायाचित्रे गेली, उपयोगिता प्रमाणपत्र गेले, तिच्या अधिकाऱ्यांच्या भेटीच्या दिवशी अकराच्या अकरा विश्वस्त हजर होते. छान झाले. म्हणजे हे सगळे तुम्हाला करता येते! मग निवृत्तिवेतनातून दोन हजार देणाऱ्या बाईंना वर्षातून एक पान का पाठवता येत नाही? कंपनी कायद्याने बांधली गेली म्हणून देते. त्या बाईंना कोणी बांधलेले नाही.

लोकांकडे वर्गणी मागून संस्था चालवण्याचे काम महाराष्ट्राला नवे नाही. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी उभे आयुष्य वर्गणी मागण्यात घालवले. आश्रमाच्या पार्वतीबाई आठवले गावोगाव हिंडल्या आणि थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. सत्तरी ओलांडल्यावर कर्वे युरोप, अमेरिका आणि आफ्रिकेत महिला विद्यापीठासाठी पैसे गोळा करत फिरले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्या विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली. अशी देणगी कामाची आणि हिशेबाची खात्री पटल्यावाचून कोणी देत नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा केले, आणि मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. दर वार्षिक समारंभात तुम्ही कर्वे आणि कर्मवीर या दोघांच्या तसबिरींना हार घालता. त्यांनी दाराशी जाऊन मागितले, आणि मागण्याआधी स्वतःचे दिले. तुम्ही यांतले काय करता?

आपल्याच एका माजी विद्यार्थिनीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. ती आता अमेरिकेची नागरिक आहे. तिने एका खोलीचा पूर्ण खर्च देऊ केला होता. परदेशी नागरिकाची देणगी परकीय अंशदान नियमन कायद्याखाली येते. त्यासाठी नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेत खाते उघडावे लागते. आपली नोंदणी नाही. ती लगेच होणारही नाही, हे मी समजू शकते. पण एवढे तिला कळवायला काय हरकत होती? तिची बहीण भारतीय पारपत्रावर दुबईत आहे. भारतीय नागरिकाने परदेशातल्या आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे या कायद्यात परकीय अंशदान ठरत नाहीत. स्वतःच्या कमाईतून काही देता येईल का, असे त्या बहिणीला विचारता आले असते. कोणी विचारले नाही. माजी विद्यार्थिनीच्या ईमेलला ‘सभेपुढे ठेवू’ असे उत्तर गेले, आणि तो विषय कोणत्याच विषयपत्रिकेवर आला नाही.

तब्येतीमुळे जे दोन ज्येष्ठ विश्वस्त आता येऊ शकत नाहीत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांच्या हातून मी शिष्यवृत्ती घेतली आहे. त्यांना सन्मानाने सल्लागार मंडळावर घ्या. त्यांच्या जागी इथे राहून गेलेल्या दोन मुली घ्या. मुलींच्या वसतिगृहाच्या ११ विश्वस्तांत एकच स्त्री असावी आणि माजी विद्यार्थिनी एकही नसावी, याचे समर्थन कोण करील? बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ मध्ये तसे स्पष्ट आहे, आणि मागच्या वेळी तेही तुमच्याकडून वेळेत झाले नव्हते.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. ठेवीचे तीन वर्षांचे सगळे व्याज इमारत निधीत परत जमा करा आणि तशी नोंद ताळेबंदात दाखवा. मुदतवाढीचा ठराव, कंत्राट आणि कंत्राटदाराला दिलेली उचल, असल्यास, सभासदांपुढे ठेवा. ४१२ जणांना एका पानाचे पत्र पाठवा: किती जमले, काम कुठे थांबले, का थांबले, पुढे किती लागणार. पत्रावर छापील सही नको. अकरा विश्वस्तांनी ३७-३८ नावे वाटून घ्यावीत आणि स्वतः फोन करावा. एका विश्वस्ताने रोज दोन फोन केले तर तीन आठवडेही लागत नाहीत. लोक रागावतील, ते ऐकून घ्या. सलग तीन सभांना विनाकारण गैरहजर राहणाऱ्या विश्वस्ताचे पद रिक्त समजावे, अशी घटनादुरुस्ती मांडा. आणि दर महिन्याच्या एका रविवारी वसतिगृह देणगीदारांसाठी उघडे ठेवा. त्या दिवशी किमान दोन विश्वस्त तिथे असावेत. ९६ मुली साठांच्या जागेत कशा राहतात हे देणगीदारांआधी तुम्हालाच बघण्याची गरज आहे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी हा विषय मी घटनेत दिलेल्या मुदतीत लेखी कळवला आहे. तो विषयपत्रिकेवर स्वतंत्र क्रमांकाने यावा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात तो ढकलला, तर सभेतच लेखी हरकत नोंदवीन. नंतर सभासद या नात्याने, हितसंबंधित व्यक्ती म्हणून, धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करीन. मुदत ठेवींच्या पावत्या, व्याजाच्या नोंदींची खातेवही आणि इतिवृत्ताचे मूळ पुस्तक सभेच्या दिवशी टेबलावर असू द्या.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी, आजीव सभासद आणि देणगीदार