तबकडी विकत घ्यावी काय?

टर्नटेबल आणि ध्वनिमुद्रिका विकत घ्याव्यात काय, हा प्रश्न अलीकडे पुन्हा विचारला जाऊ लागला आहे. अमेरिकेत २०२० साली रेकॉर्डविक्रीचे उत्पन्न सीडीच्या उत्पन्नाहून अधिक झाले. १९८६ नंतर प्रथमच. आपल्याकडेही जुन्या गाण्यांच्या नव्या तबकड्या हजारो रुपयांना विकल्या जातात. अजिंठ्याच्या डोंगरांलगतच्या धावड्यासारख्या गावातून पाहिले असता मात्र या हौसेचा हिशेब निराळा दिसतो. येथे सुई झिजली तर ती शहरातून मागवावी लागते. धूळ आणि ऊन, दोन्ही तबकडीचे वैरी. शिवाय यंत्राच्या पैशात विभागाच्या ग्रंथसंग्रहात भर पडू शकते. मग साहित्याच्या अध्यापकाने हा खर्च का करावा?

‘स्वर अधिक गोड लागतो’ हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. आजच्या बऱ्याच तबकड्या डिजिटल मूळप्रतीवरूनच तयार होतात. गुंतवणूक म्हणूनही हा व्यवहार कच्चा आहे: सुई फिरली की तबकडीवरील चर थोडा तरी झिजतोच, आणि न वाजवता जपलेली तबकडी न वाचलेल्या ग्रंथासारखीच.

आमच्या मते खरा मुद्दा पाठाचा आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत लांबणारे नाट्यपद तेवढ्यात बसवताना काय गाळले, काय राखले, हा संपादनाचाच प्रश्न होय. ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकाच्या पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. त्यांच्या गायनाची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. त्या चाली आपल्यापर्यंत पोहोचतात त्या त्यांचे शिष्य बालगंधर्व यांच्या तबकड्यांतून, म्हणजे एका संक्षिप्त प्रतीतून. १९०२ साली कोलकात्यात ध्वनिमुद्रण करणाऱ्या गौहरजान गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत; तेथील कारागिरांना गायिकेची ओळख पटावी, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. संतकवींच्या नाममुद्रेचा विचार करणाऱ्यांनी ही नाममुद्राही ध्यानात घ्यावयास हवी. महाजालावरील प्रतींतून लेबल, क्रमांक, बाजू असा सारा तपशील पुष्कळदा गळालेला असतो.

म्हणून नव्या तबकड्यांची घाई नको. त्या उद्याही मिळतील. उद्या मिळणार नाहीत त्या लाखेपासून केलेल्या जुन्या तबकड्या: माळ्यावर पडलेल्या, हातातून निसटताच फुटणाऱ्या. पैसे खर्चावयाचेच तर ते ७८ च्या वेगाची सोय असलेल्या यंत्रावर आणि त्यासाठीच्या जाड सुईवर खर्चावेत. व्हिनाइलची बारीक सुई त्या रुंद चरांसाठी नसते. असे यंत्र दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून घ्यावे. आसपासच्या घरांतून तबकड्या मागाव्यात, जपून एकदा वाजवून संगणकावर उतरवाव्यात, लेबलची नोंद करावी आणि ज्याची त्यास परत द्याव्यात. पाठचिकित्सा म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना यातून प्रत्यक्ष शिकता येईल.

यापलीकडची हौस ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करावी. तीस आमचा विरोध नाही. विभागाचा तुटपुंजा निधी मात्र या कामासाठीच वापरला जावा, असे आम्हांस वाटते.